आईचं नाव, ऐच्छिक

"आईचं नाव?"

खिडकीपलीकडच्या माणसाने आधी मागे वळून रांगेकडे पाहिलं. मग काचेच्या गोल भोकाशी तोंड आणून तो म्हणाला, "कुणाच्या आईचं?"

"तुमच्या."

"मदाम, दुखतोय माझा खांदा. आईला जाऊन नऊ वर्षं झाली."

"अल्लाह तिच्यावर दया करो. नाव काय होतं?"

रांगेत कुणीतरी हसलं. माणूस बांधकामावरचा होता, भुवयांत सिमेंट बसलेलं. त्याचे कान लाल झाले. "बापाचं सांगितलं, आजाचं सांगितलं, पणज्याचं सांगितलं. एवढ्यावर लष्करात घेतात. खांद्याला मलम लावायला आई कशाला लागते?"

इन्शिराहने काचेखालच्या फटीतून कागदाचा कपटा आणि पेन्सिल सरकवली. त्याने डाव्या हाताचा आडोसा करून काहीतरी लिहिलं, चिठ्ठी चार घड्या घालून परत ढकलली आणि केसपेपर घेऊन निघून गेला. तिने चिठ्ठी उघडली नाही. मांडीवरच्या शाळकरी वहीत चार रकाने आखलेले होते: बोलून सांगितलं, लिहून दिलं, नाही म्हणाला, भांडला. दुसऱ्या रकान्यात तिने एक रेघ ओढली.

शेजारच्या खिडकीवरची तहानी आपली रांग थांबवून हे बघत होती. "अब्ला," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती म्हणाली, "आईचं नाव दोनच ठिकाणी घेतात. करणी करताना, नाहीतर कबरीपाशी. लोकांना वाटेल आपण इथे दोन्ही उरकतो."

"तू तुझी खिडकी बघ."

"बघतेय. माझ्या खिडकीवर माणसं भांडत नाहीत."

कैरोच्या उत्तरेकडच्या झगाझीग शहरातल्या त्या धर्मादाय रुग्णालयात इन्शिराह बावीस वर्षं नोंदणीच्या खिडकीवर बसत होती. वय सत्तेचाळीस. तिचं काम एवढंच की माणूस आला की त्याचं नाव लिहायचं, जुनी फाइल असली तर काढायची, नसली तर नवी करायची आणि आत पाठवायचं. डॉक्टर बदलले, औषधं बदलली, हिरव्या रंगाच्या भिंती पिवळ्या झाल्या. ती खिडकीवरच राहिली. दोन वर्षांपूर्वी रजिस्टरं जाऊन संगणक आले तेव्हा सगळ्यात आधी टाइप करायला तीच शिकली. तिला त्याचा अभिमान होता. मार्च महिन्यापर्यंत होता.

मार्चमध्ये सालेम रिज़्क आला. गावाकडचा नळकाम करणारा माणूस, पाय सुजून टम्म झालेला, तापाने फणफणलेला. भावाने त्याला धरून आणलं होतं. ओळखपत्र घरी राहिलं होतं. भावाने सांगितलं ते इन्शिराहने टाइप केलं, सालेम रिज़्क. पडद्यावर त्या नावाची पहिली फाइल आली. ती फाइल दुसऱ्याच सालेम रिज़्कची होती, कालव्यापलीकडच्या भाजीवाल्याची. त्यात लिहिलं होतं, कुठल्याही औषधाची ॲलर्जी नाही. आत त्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात तो गेला. पेनिसिलिन त्याला चालत नाही ही नोंद सात वर्षांपूर्वी याच रुग्णालयात झालेली होती. रजिस्टरांवरून संगणकात चढलेल्या त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये ती शाबूत होती, आणि ती फाइल त्या दिवशी कुणी उघडली नव्हती.

चौकशी झाली. तीन पानांच्या अहवालात शेवटी लिहिलं, "नामसाधर्म्य." कुणालाही शिक्षा झाली नाही. लोकांनी इन्शिराहला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला, सोड आता म्हणाले. तिला ते सुटेना. घरी ताटली धुवायला घ्यायची आणि नळ तसाच वाहता ठेवून उभी राहायची. तिचा नवरा फिक्री भूगोलाचा निवृत्त शिक्षक, बोलायला कमी. एकदा तो पेपरातून मान वर करून म्हणाला, "तीच ताटली तिसऱ्यांदा धुतेयस." तिने ती चौथ्यांदा धुतली.

एप्रिलमध्ये ती हातिमकडे गेली. रुग्णालयाचे संगणक हातिम सांभाळायचा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, सदा टेबलाच्या खणात रव्याची गोड बसबूसा लपवलेली. सगळे त्याला बाशमुहन्दिस म्हणत, म्हणजे बडे इंजिनियरसाहेब. पदवी त्याच्याकडे नव्हती.

"बाशमुहन्दिस, आमच्याकडे माणसाला चार नावं असतात. या यंत्रात दोनच का मावतात?"

"कारण मसुद्यात दोनच रकाने आहेत. नाव आणि आडनाव. मधलं कापलं जातं."

"कुणाचा मसुदा?"

हातिमने बोटं चाटली. "बघ. रुग्णाची नोंद कशी लिहायची, कुठला रकाना, किती अक्षरं, तारीख आधी की महिना आधी, हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलंय. मानक म्हणतात त्याला. आपला प्रोग्रॅम त्यावरून बनलाय. आपल्यासारख्या गरीब दवाखान्यांचे शेकडो प्रोग्रॅम त्यावरून बनलेत, कारण ते फुकट आहे. कुणा कंपनीचं नाही, सरकारचं नाही. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून लिहितात, भांडतात, बदलतात."

"कुणीही बदलू शकतं?"

"कुणीही प्रस्ताव टाकू शकतं. तूही टाक." तो हसला आणि बाईसाहेबांचा 'हानिम' लावून म्हणाला, "इन्शिराह हानिम, झगाझीग, खिडकी नंबर दोन."

त्याने थट्टा केली होती. इन्शिराहने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "कुठे टाकायचा, दाखवा."

पहिला प्रस्ताव तिने अरबीत लिहिला, हातिमने इंग्रजीत केला. पाच ओळींचा होता. दुसऱ्याच दिवशी तो बंद झाला. खाली केटिल नावाच्या माणसाने लिहिलं होतं की, "नमुना पाळलेला नाही. गरज सिद्ध केलेली नाही. कृपया मार्गदर्शिका वाचावी." हा केटिल स्वीडनचा होता, आणि व्यक्तीच्या नावाचा विभाग गेली अकरा वर्षं तो सांभाळत होता.

"झालं," हातिम म्हणाला. "प्रयत्न केलास ना? जा, चहा घे."

"ही मार्गदर्शिका किती पानांची आहे?"

"चौसष्ट. इंग्रजीत."

तिने छापून घेतली. शाळेनंतर इंग्रजीशी तिचा संबंध औषधांच्या खोक्यांपुरता होता. फिक्रीचा जुना शब्दकोश काढून ती रोज दुपारी खिडकी बंद झाल्यावर दोन-दोन पानं वाचत बसली. तीन आठवडे लागले. शब्द डोक्यात नीट बसेनात; बसमध्ये, भाजी घेताना, नमाजाच्या मधोमध ते आपोआप तोंडात यायचे. ऐच्छिक. अनिवार्य. मागील आवृत्तीशी सुसंगत. तहानी म्हणाली, "अब्लाला कुणीतरी झपाटलंय, आणि तो इंग्रज आहे."

दुसरा प्रस्ताव नऊ पानांचा झाला. मागणी दोनच. एक, नाव कापू नये. माणूस जेवढी नावं सांगेल तेवढी एका रकान्यात जशीच्या तशी राहू द्यावीत. दोन, आईच्या नावाचा एक रकाना द्यावा, कारण आमच्याकडे चारही नावं जुळणारी माणसं एका गावात तीन-तीन निघतात, पण त्यांच्या आया वेगळ्या असतात.

हा बंद झाला नाही. याच्याखाली प्रश्न आले. राष्ट्रीय ओळख क्रमांक का वापरत नाही? इन्शिराहने आठवडाभर खिडकीवर मोजलं आणि उत्तर लिहिलं: चारशे अठरा माणसं आली, त्यातली एकशे एक्क्याण्णव ओळखपत्राशिवाय. कुणी विचारलं, आईचं नाव बँकेत गुप्त खूण म्हणून वापरतात, ते उघडं पडलं तर? तिने लिहिलं, माझ्या खिडकीवर येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं बँकेत खातं नाही. मग केटिलने लिहिलं, "तुमच्या भागात पुरुष आईचं नाव चारचौघांत सांगत नाहीत असं मी वाचलं आहे. जो रकाना कुणी भरणार नाही तो मानकात कशाला?"

या प्रश्नाने ती दोन दिवस बेचैन होती, कारण तो बरोबर होता. मग तिने वही आखली आणि खिडकीवर विचारायला लागली. सिमेंटवाला तिसऱ्या दिवशीचा. सहा दिवसांत दोनशे तीन पुरुषांना विचारलं. एकोणतीस जणांनी बोलून सांगितलं, एकशे सतरा जणांनी लिहून दिलं, चाळीस नाही म्हणाले, सतरा भांडले. चिठ्ठ्यांचे बोळे तिने रोज घरी नेऊन न वाचता चुलीवर जाळले. आकडे प्रस्तावाखाली टाकले आणि शेवटी एक ओळ जोडली: "तोंडी विचारू नये, कागद पुढे करावा, अशी सूचना रकान्यासोबत लिहावी."

त्यानंतर प्रस्तावाचं पान शांत झालं. ती दर तासाला हातिमच्या खोलीत डोकवायची.

"आलं काही?"

"तू आत्ता गेलीस ना?"

"मघाशी गेले होते."

"ती माणसं पगारी नाहीत. कुणी शिकवतं, कुणी मुलं सांभाळतं. तू इथे पाय आपटलेस म्हणून स्वीडनमध्ये ऐकू जातं का?"

आठव्या दिवशी निरोप आला. पंधरा दिवसांनी होणाऱ्या खुल्या बैठकीत प्रस्ताव चर्चेला घेतलाय. मांडणाऱ्याने हजर राहावं. मंगळवार, कैरोच्या वेळेने दुपारी चार.

त्या मंगळवारी तिने इस्त्रीचा निळा झगा घातला होता. हातिमने खोलीचं दार लावलं, पंखा आवाज करतो म्हणून बंद केला. पडद्यावर सात चौकटी उघडल्या. केटिल साठीचा होता, पांढरी दाढी, मागे भिंतभर लाकडी कपाटं. हातिम तिच्या बाजूने इंग्रजीत बोलणार आणि तिकडचं तिला अरबीत सांगणार असं ठरलं होतं. पहिली दहा मिनिटं बरी गेली. नाव न कापण्याच्या मुद्द्याला कुणाची हरकत नव्हती. मग केटिल बराच वेळ बोलला.

हातिम म्हणाला, "ते विचारतायत, जन्मतारीख तपासली तर दोन माणसं वेगळी कळतील ना?"

"एवढंच?"

"एवढंच."

"बाशमुहन्दिस, त्यांनी निष्काळजी म्हटलं. तो शब्द मला येतो."

हातिमने कपाळावरचा घाम पुसला. "ते म्हणाले, जन्मतारीख तपासणारा कारकून चुकणार नाही. आणि प्रत्येक निष्काळजी कारकुनासाठी मानकात नवा रकाना घालता येत नाही. सगळ्यांबद्दल बोलतायत, तुझ्याबद्दल नाही."

इन्शिराह पडद्याजवळ सरकली. तिने टेबलाची कड धरली.

"सांगा त्यांना. मी वय बघितलं होतं."

"काय?"

"फाइलमध्ये एक्केचाळीस होतं. भाऊ अडतीस म्हणाला. मला फरक दिसला होता."

हातिमने चटकन आवाज बंद करायचं बटण दाबलं. "अगं, वेडी आहेस का? हे चौकशीत नाहीये. इथे बोललेलं सगळं लिहून उघड्यावर ठेवतात. कायमचं राहतं ते."

"माहितीय. चौसष्ट पानं वाचलीत मी."

"तुझी नोकरी—"

"बटण काढा, हातिम."

तिने त्याला नुसत्या नावाने हाक मारली, ही बावीस वर्षांत पहिलीच वेळ. त्याने बटण काढलं.

ती एक-एक वाक्य बोलली आणि तो एक-एक वाक्य सांगत गेला. "माझ्या खिडकीवर रोज तीस माणसं वय चुकीचं सांगतात. कुणी पूर आला त्या साली जन्मला, कुणी मोठा भाऊ लष्करात गेला तेव्हा. नुसतं वय सांगितलं की यंत्र आपोआप एक जानेवारी टाकतं. आमच्या फाइलींतली निम्मी माणसं एक जानेवारीला जन्मलीत. बावीस वर्षांत मी एवढं शिकले की वयावर विश्वास ठेवायचा नाही. त्या दिवशी मला तीन वर्षांचा फरक दिसला आणि मी म्हटलं, गावचा माणूस आहे, याला काय माहीत. म्हणून ती फाइल उघडली. मी निष्काळजी नव्हते. मला माझं काम येत होतं. जे येत होतं त्यानेच तो माणूस गेला."

शेवटचं वाक्य हातिमने दोनदा सांगितलं.

 कुणाच्या तरी घरात कुत्रं भुंकलं. केटिलने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हळू, सोप्या इंग्रजीत, थेट तिच्याशीच बोलावं तसं तो बोलला, आणि हातिमने सांगायच्या आधी तिला बहुतेक कळलं होतं. तो शब्द त्याने मागे घेतला होता. तिने आत्ता सांगितलं तेच प्रस्तावात गरज या मथळ्याखाली लिहावं, असंच्या असं, असं त्याचं म्हणणं होतं. आणि प्रत्येक नव्या रकान्यासोबत एक उदाहरण लागतं, त्यात खऱ्या माणसाचं नाव घालू नये.

तिने लिहिलं. आणखी दोन आठवडे शब्दांची ओढाताण चालली; अनिवार्य की ऐच्छिक यावर चौदा जणांनी मत दिलं. जूनच्या शेवटी एका सकाळी हातिम स्वतः खिडकीवर आला. रांग लागलेली होती. तो वाकून भोकाशी तोंड आणून रुग्णासारखा म्हणाला, "केटिलने मान्य केलं. लागणारी दुसरी सही मनिलाहून आली. पुढच्या आवृत्तीत येतंय."

"आईचं नाव?"

"ऐच्छिक म्हणून. लिहून घ्यावं, तोंडी विचारू नये, हेसुद्धा घातलंय."

"बरं," ती म्हणाली. आणि रांगेतल्या पुढच्या बाईला, "हं, नाव सांगा."

तिला वाटलं होतं आता जीव शांत होईल. तो झाला नाही. दुपारी ती तीन वेळा उठून कालव्यापर्यंत जाऊन आली.

नवी आवृत्ती रुग्णालयात बसवायची तर उपसंचालक डॉक्टर रऊफ यांची सही लागणार होती, आणि अर्जाला बदलाचा मजकूर जोडावा लागणार होता. हातिमने भाषांतर तयार केलं, ते घेऊन तिच्याकडे आला. "गरजेचा परिच्छेद मी वगळतो. डॉक्टर रऊफना तेवढं वाचायची गरज नाही."

"त्याच्याशिवाय ते विचारतील, हे कशाला हवं? मग काय सांगाल?"

"काहीतरी सांगेन. तेच तर माझं काम आहे."

"राहू द्या तसंच."

डॉक्टर रऊफनी तिला दोन दिवसांनी बोलावलं. चांगला माणूस होता, तिच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात रोज घरी येऊन गेला होता. कागद त्यांच्यापुढे होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले.

"इन्शिराह, रुग्णालयाचं नाव नाही घातलंस, ते बरं केलंस. पण तुझं नाव आहे."

"प्रस्तावावर मांडणाऱ्याचं नाव लागतं, डॉक्टर."

"चौकशीत नामसाधर्म्य लिहिलंय. इथे तू लिहितेस, मी फरक बघितला होता. उद्या त्या घरच्यांनी वकील केला, तर मी कोणता कागद दाखवू?"

"दोन्ही दाखवा."

 मग खुर्चीत बसून त्यांनी नव्या आवृत्तीच्या अर्जावर सही केली. दुसऱ्या एका कागदावरही केली. "हा बदल चांगला आहे," ते म्हणाले. "बसवून घेऊ. पण खिडकीवर तुला ठेवता येणार नाही. मागच्या इमारतीत जुनी रजिस्टरं आहेत, ती लावायला कुणी नाही."

ती उठली. दारापाशी गेल्यावर तिने विचारलं, "त्या घरी कुणी सांगितलंय का हे?"

"आम्ही जाऊन आलो होतो. साखर, तेल घेऊन. जे सांगायचं ते सांगितलं."

पुढच्या शुक्रवारी ती मायक्रोबसने सालेमच्या गावी गेली. फिक्री म्हणाला, मी येतो. ती नको म्हणाली. ड्रायव्हरने तिला कापसाच्या शेताशी उतरवलं. तिथून बंधाऱ्याच्या वाटेने पाव तास चालायचं होतं. वाटेवर दोन कुत्री तिच्या मागे लागली आणि तिने पर्स छातीशी धरून पावलं झपाझप टाकली. दोनदा ती थांबली, परत फिरावंसं वाटलं. पण मागे कुत्री होती.

उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई, अंगणात तुतीखाली बसून मुलूखियाच्या भाजीची पानं देठापासून खुडत होती. सत्तरीची, काळ्या झग्यातली, हातांवर निळं गोंदण. भाऊ कामाला गेलेला होता. इन्शिराह समोरच्या ओट्यावर बसली. कोण, कुठली, ते सांगितलं. मग वय बघितल्याचं सांगितलं. बैठकीत सांगितलं होतं तसं नाही. इथे ते चार वाक्यांत संपलं.

म्हातारीचे हात थांबले नाहीत. "तू बघितलं होतंस."

"हो."

"आणि पुढे गेलीस."

"हो."

पानं टोपलीत पडत राहिली. म्हातारी म्हणाली, "दवाखान्यातून तिघं आले होते. देवाची इच्छा म्हणाले. देवाची इच्छा मला ठाऊक आहे, ती सांगायला मोटार घेऊन यावं लागत नाही." मग म्हणाली, "आता काय करताय तिथे?"

इन्शिराहने सांगितलं. चार नावं पूर्ण राहतील, कापली जाणार नाहीत. आणि आईचं नाव लिहून घ्यायला एक जागा केलीय. इथेच नाही, दुसऱ्या देशांतल्या दवाखान्यांतसुद्धा.

"आईचं?"

"हो."

"माणसं सांगतात?"

"निम्म्याहून जास्त लिहून देतात."

म्हातारीच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "माझ्या सालेमने दिलं नसतं. लग्नाच्या कागदावर काझीने विचारलं, तर त्याच्या कानात जाऊन सांगितलं होतं त्याने. तुमच्या खिडकीपाशी वीस माणसांपुढे? मेला असता तरी—"

 इन्शिराहने खाली मातीकडे पाहिलं. एक बदक त्या दोघींच्या मधून पलीकडे गेलं.

"तो तापात होता," म्हातारी नंतर म्हणाली, वेगळ्या आवाजात. "भावाने दिलं असतं लिहून. तो धाकटा, त्याला लाज कमी." आणि थोड्या वेळाने, "त्या कागदावर माझं नाव आहे?"

"नाही. खऱ्या माणसाचं घालायचं नसतं. उदाहरण म्हणून बनावट घालतात."

"कुठलं घातलंस?"

इन्शिराहने हे हातिमलाही सांगितलं नव्हतं. "वजीदा."

"कोण ही?"

"माझी आई."

"जिवंत आहे?"

"नाही. पाच वर्षं झाली."

"म्हणजे विचारलं नाहीस."

"नाही."

म्हातारीने मान हलवली. त्यात राग होता की नुसतं ऐकल्याची खूण, ते इन्शिराहला कळलं नाही. "मला विचारायला आली असतीस तर मी नको म्हटलं असतं," ती म्हणाली. "माझं नाव नबाविया. आता तुला सांगितलं. कुठे लिहू नकोस."

"नाही लिहिणार."

नबाविया गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली. आतून स्टोव्हचा आवाज आला. ती एकच ग्लास घेऊन बाहेर आली, इन्शिराहपुढे ठेवला, आणि परत पानांपाशी बसली. चहा काळा, भरपूर साखरेचा होता. इन्शिराहने तो सगळा प्यायला. माफ केलं म्हणाल का, असं विचारायचं तिने येताना ठरवलं होतं. ग्लास रिकामा झाला तरी तिने विचारलं नाही, आणि म्हातारीनेही तो विषय काढला नाही.

"मला ही पानं उन्हात घालायचीयत," नबाविया म्हणाली. "तुला बस कुठली?"

"साडेचारची."

"बंधाऱ्यावर कुत्री आहेत."

तिने भिंतीला टेकवलेली काठी घेतली, डोक्यावरची काळी तरहा तोंडावरून ओढून घेतली आणि फाटक उघडून चालू लागली. दोन पावलं पुढे ती, मागे इन्शिराह.  कुत्री जवळ आली तेव्हा तिने काठी जमिनीवर आपटली. ऊन अजून कडक होतं आणि म्हातारी दमत होती; मध्ये एकदा थांबून तिने श्वास घेतला, इन्शिराहने हात पुढे केला, तो तिने पाहिला नाही.

कापसाच्या शेताशी मायक्रोबस भरतच आला होता. आत माणसं कोंबलेली, टपावर टोपल्या. नबावियाने काठीने दारावर ठक केलं.

"हिला पुढे बसव," ती ड्रायव्हरला म्हणाली. "शहरात उतरायचंय."

पुढच्या सीटवर बसलेला एक माणूस मुकाट्याने उठून मागे गेला. इन्शिराह चढली, दार लावून घेतलं. तिने काचेतून वळून पाहिलं तेव्हा म्हातारी पाठ करून बंधाऱ्याच्या वाटेला लागलेली होती.